यंदाचा किल्ला सुरतेचा

मंडळी, गणपती गावाला गेले की मुलांना दिवाळीच्या किल्ल्याचे वेध लागतात. हल्ली आपण प्लास्टरचा तयार किल्ला आणतो. काम वाचतं, पण शब्द हरवतात. तट, बुरूज, खंदक, दिंडी दरवाजा हे शब्द गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना दुसरीकडे कुठे भेटणार? माती कालवता कालवता ते तोंडी बसतात.

यंदा रायगडाऐवजी तापीकाठचा आपला सुरतेचा किल्ला करू या: चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. १६६४ मध्ये महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान याच किल्ल्यात दडून बसला होता. मावळा दरवाजापेक्षा उंच दिसला, तर मुलंच प्रमाण सुधारतील. विटा, पोती, माती आपण आणू. अळीव मात्र मुलांनीच पेरायचे.