गाणे कोणाच्या हातचे?



या गावाला खंजिरीची ओळख करून देण्याचे कारण नाही. येथून अमरावतीकडे निघाले की वाटेवर गुरुकुंज मोझरी लागते. तुकडोजी महाराज भजन स्वतः रचीत, स्वतः गात आणि खंजिरीही स्वतःच वाजवीत. समजा, कोणी ती खंजिरी काढून घेऊन म्हटले असते, "ताल आम्ही देतो, आपण नुसते गा", तर? आजचा आमचा विषय एवढाच आहे. घडलेली गोष्ट मात्र सातासमुद्रापलीकडची आहे.

जोनी मिचेल या कॅनडात १९४३ साली जन्मलेल्या कवयित्री-गायिका. नवव्या वर्षी पोलिओ झाला आणि डावा हात अधू राहिला. गिटारवरची रूढ बोटे त्या हाताला जड जात, म्हणून बाईंनी ताराच निराळ्या जुळवल्या. त्यातून जे सूर निघाले, ते दुसऱ्या कोणापाशी नव्हते. म्हणजे हाताचे उणेपण हीच गाण्याची ओळख झाली! १९७४ चा त्यांचा 'कोर्ट अँड स्पार्क' हा संच अमेरिकेच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढला.

पुढे १९८५ साली 'डॉग ईट डॉग' निघाला. त्याच्या निर्मात्यांत बाईंबरोबर थॉमस डॉल्बी हा पंधरा वर्षांनी धाकटा इंग्रज होता. सिंथेसायझर हे त्याचे क्षेत्र. फेअरलाइट नावाच्या ऑस्ट्रेलियन यंत्रात कोणताही आवाज भरावा आणि पट्ट्यांवर हव्या त्या सुरात वाजवावा, अशी सोय होती. एका गाण्याचा ताल तर चक्क सिगारेटी देणाऱ्या यंत्राच्या खडखडाटावर उभा केलेला आहे. दुसऱ्या गाण्यात दूरचित्रवाणीवरून धर्म विकणाऱ्या उपदेशकांवर कोरडे ओढले आहेत. ग्रामगीता वाचलेल्यांना ते परके वाटू नये.

रसिकांत मात्र फूट पडली. 'आमची गिटार कुठे गेली?' असे एक पक्ष विचारी. यंत्रयुगावरची टीका यंत्राच्याच आवाजात शोभते, असे दुसरा म्हणे. संच ६३ व्या क्रमांकापुढे गेला नाही. आत खोलीतही सूत जमले नव्हते. बाईंना यंत्र जाणणारा हात हवा होता. डॉल्बी स्वतःच रचनाकार, त्याला आपल्या कल्पना होत्या. बाईंनी पुढे नापसंती उघड बोलून दाखविली. आम्हांला दोघांचाही राग येत नाही. चांगल्या सुताराला नुसता रंधा मारावयास सांगितले, तर तो खिडकीची जागाही सुचविणारच. पण घर ज्याचे, त्याला ती खिडकी खुपणार.

यंत्राचा दोष आम्ही मानीत नाही. आपल्या पेटीलाही १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर मज्जाव होता, आणि त्याच काळात गावोगावची भजने पेटीवर चालली होती! खुद्द बाईंनीच १९९५ मध्ये गिटारला जोडावयाचे एक इलेक्ट्रॉनिक यंत्र घेतले. दर गाण्याला तारा पिळीत बसण्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्या साऱ्या जुळण्या या यंत्रात साठवून ठेविता येत. १९९८ च्या 'टेमिंग द टायगर' मध्ये ते यंत्र आहे, आणि तारांवर बोटे बाईंचीच.

दोन्ही मुद्रिका आम्ही बरोबर आणल्या आहेत. आधी १९८५ ची लावतो, मग ही.