मराठीच शिकवायचंय

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी परवा घरी आली. मराठी घेऊन बी.ए. झालेली, ५३ टक्के. म्हणाली, "चाचा, मला बी.एड. करायचंय. मराठीच शिकवायचंय." मी मराठीत कविता लिहितो, म्हणून मला सगळं ठाऊक असणार, असा तिचा समज!

मी आधी विचारलं, कितवीच्या मुलांना? कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या निकालानंतर पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, तिथं डी.एल.एड. लागतं. तिला आठवी-नववी हवी होती. मग ठीक.

सीईटीची तिला धास्ती. १०० प्रश्न, ९० मिनिटं. चुकलं तर गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस, म्हटलं.

खरी परीक्षा कागदांची. शाळेच्या दाखल्यावर शेख आधी, पदवीवर शेवटी, आधार कार्डावर शेख नाहीच. आमच्यात नाव लिहायची एकच रीत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला मात्र त्यात तीन मुली दिसतात! जातीचा दाखला बागवानांचा, इतर मागासवर्गातला. पण नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली.

शिवाय घरी आई. २०१५पूर्वी बी.एड. वर्षात उरकायचं, आता दोन वर्षं. तेवढ्यात लग्न लांबेल, ही तिची काळजी. तिला माझी बायको समजावते आहे. ते काम माझ्याच्यानं होणारं नव्हे.

मी तिच्या अब्बांबरोबर सेतू केंद्रात जाऊन आलो. प्रतिज्ञापत्र झालं. दाखल्यासाठी पुढच्या सोमवारी बोलावलंय.