माणूस की फुटपट्टी?
(नाशिकच्या शिबिरातलं भाषण)



आज पडक्या देवळांच्या फोटोंवर बोलायचंय. हसू नका, विषय आपलाच आहे.

साहेबानं कॅमेरा आणला आणि लवकरच तो लेण्यांपुढे, मोडक्या देवळांपुढे नेऊन ठेवला. मेजर रॉबर्ट गिलच्या अजिंठा-वेरूळच्या फोटोंचं पुस्तक १८६४ सालीच निघालं. पुढे १८७४ ला पश्चिम भारताचं पुराणवस्तू खातं झालं, जेम्स बर्जेस त्याचा मुख्य.

हे जुने फोटो नीट बघा. कितीतरी फोटोंत खांबाला लागून एक माणूस उभा असतो. मुंडासं, उघडे पाय. खांबाची उंची कळावी म्हणून साहेबानं उभा केलेला. खाली देवळाचं नाव, गावाचं नाव. माणसाचं नाव नाही. माणूस म्हणजे फुटपट्टी!

साहेब म्हणाला, बघा, तुम्ही मोडलं, आम्ही जपलं. बामण म्हणाला, बघा आमचं गेलेलं वैभव. दोघांनी मिळून दगड मोठा केला. तो दगड खाणीतून काढला कुणी, वाहिला कुणी, हे दोघांनाही विचारावंसं वाटलं नाही.

पडक्या देवळात कुणीही उभं राहावं. देव गेलेला, पुजारी गेलेला, विटाळ कुणाला होणार? धडक्या देवळाची गोष्ट वेगळी. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे आपली हजारो माणसं काळारामाच्या दारावर गेली. दारं बंद. ९ एप्रिलला, रामनवमीच्या रथाच्या वेळी, दगड पडले. सत्याग्रह पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. आणि त्याच काळात, १९३१ ला, हेन्री कझिन्सचं दख्खनच्या जुन्या देवळांवरचं जाडजूड पुस्तक बाहेर आलं. त्यात आपल्या सिन्नरचं गोंदेश्वर आहे. पंचवटीच्या दाराबाहेर बसलेली माणसं त्यात कशाला असतील?

आता आपल्या डोंगराकडे या. शिलालेखात त्याचं नाव त्रिरश्मी. लेणी बौद्ध भिक्खूंची. लोकांनी त्यांना पांडवांच्या नावावर चढवलं आणि १८८३ च्या सरकारी गॅझेटिअरातही 'पांडु लेणं' छापलं गेलं.

तिथल्या एका लेण्यातला लेख वाचा. दान देणाऱ्याचं नाव मुगुदास. 'दासक' म्हणजे कोळी, असं अभ्यासकांनी लावलंय. राजा नाही, सेठ नाही. मासे मारणारा माणूस, बायकापोरांसकट. त्याचं नाव दगडात कोरलेलं आहे, आजही वाचता येतं.

उद्या सकाळी वर जायचंय. फोटो काढाल तेव्हा खाली फक्त लेण्याचा नंबर टाकू नका. जो उभा असेल त्याचं नाव लिहा, गाव लिहा. पाणी घेऊन या, पायऱ्या बऱ्याच आहेत.

जय भीम!