केंदाळ आणि आपले सांडपाणी
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



इचलकरंजी-शिरोळकडे उन्हाळ्यात पंचगंगेवर पसरलेले केंदाळ आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पुस्तकात याच वनस्पतीला जलपर्णी म्हणतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर ती बंगालमध्ये आली आणि इतकी माजली की १९३६ साली तेथील सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

पण ती माजते कशाच्या जोरावर? आपण नाल्यात सोडलेले मलमूत्र, साबणाचे पाणी आणि शेतातून वाहून आलेले खत यांत नत्र व स्फुरद असते. पिकाला जे अन्न, तेच केंदाळाचेही अन्न. तेव्हा केंदाळ दिसले की समजावे, पाण्यात आपली घाण फार झाली.

हीच खोड उपयोगी पडू शकते. तिची झुपकेदार मुळे पाण्यातील नत्र-स्फुरद शोषतात, मुळांवरील सूक्ष्मजीव घाण कुजवतात, आणि गाळ मुळांत अडकून खाली बसतो. सन १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील वुल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने मिसिसिपी राज्यात याच वनस्पतीकडून सांडपाणी शुद्ध करवून दाखविले.

मात्र एक अट आहे. वाढलेली वनस्पती वेळच्या वेळी बाहेर काढली पाहिजे. ती पाण्यातच मेली व कुजली, तर शोषलेले सर्व पाण्याला परत देते. शिवाय कुजताना पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात. सारांश, खरे शुद्धीकरण काढणाऱ्या हातांत आहे.

याचे एक उदाहरण धर्मादाय संस्थेचेच आहे. दानशूर रणदाप्रसाद साहा यांनी आईच्या नावाने मिर्झापूर येथे कुमुदिनी रुग्णालय उभारले. हे गाव आज बांगलादेशात आहे. तेथील सांडपाण्यावर १९९० च्या सुमारास डकवीड ही मसुरीएवढ्या पानांची तरंगती वनस्पती वाढविण्यात आली. ती नित्य काढून शेजारच्या तळ्यातील माशांना घालीत. पाणी स्वच्छ झाले आणि मासे विकून पैसाही आला.

आपल्याकडे अनुकरण करताना तारतम्य हवे. कारखान्याच्या पाण्यातील जड धातूही ही झाडे शोषतात. म्हणून तसल्या पाण्यातील केंदाळ जनावरांस घालू नये, त्याचे खतही करू नये. घरगुती सांडपाण्यावरील केंदाळाचे कंपोस्ट मात्र उत्तम होते. डास होऊ नयेत म्हणून हौदात गप्पी मासे सोडावेत. आणि हौदातील एकही रोप ओढ्यात जाऊ देऊ नये.

वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी उधळू नये, अशी आम्हांला शिकवण आहे. वापरलेले पाणी शेजाऱ्याच्या दारी घाण म्हणून न पाठविणे हाही त्याच शिकवणीचा भाग मी मानतो. म्हणून विश्वस्तांना माझी नम्र सूचना आहे : महोत्सवाची आठवण म्हणून कमानीऐवजी सांडपाण्याचा एक हौद बांधावा. परंतु बांधण्याआधी रोपे काढणाऱ्या माणसाच्या पगाराची कायम तरतूद करावी. तेवढी होत नसेल, तर हौद बांधूच नये. कारण निगा नसलेला हौद वर्षभरात डबके होतो.