सेमिनरी पुण्यात, पाळक चिखलीत

नमस्कार मंडळी. आज हा शब्द जरा दुहेरी अर्थाने वापरतोय. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चमध्ये जमणाऱ्या लोकांना 'मंडळी'च म्हणतो, आणि आजचा विषय आहे त्या मंडळीला सांभाळणारा माणूस. पाळक. कुणी पाद्रीसाहेब म्हणतं, कुणी पास्टर. प्रश्न साधा आहे: बुलढाणा जिल्ह्यात आठवडाभर दुसरं काम करून रविवारी उपदेश करणाऱ्या पाळकाने शिकायचं कुठे, कोणत्या भाषेत आणि केव्हा?

तुम्ही म्हणाल, हा ख्रिस्ती लोकांचा घरगुती प्रश्न झाला. पण शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलढाणा होता. अशा घरी उभं राहून चार शब्द बोलायची वेळ पाळकावर येऊ शकते. घरची बाई विचारणार, "देवानं आमच्यासंगच असं काऊन केलं?" काय सांगायचं? बायबलमध्ये ईयोबाचं अख्खं पुस्तक याच प्रश्नाचं आहे. सगळं गमावलेला माणूस देवाशी वाद घालतो, त्याचे मित्र येऊन सांगतात की तुझंच काहीतरी पाप असणार, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. हे पुस्तक ज्याने शेवटपर्यंत नीट अभ्यासलेलं नाही, तो पाळक बहुतेक त्या मित्रांचीच भाषा बोलून जाईल. तीही एखाद्या घराच्या सगळ्यात वाईट दिवशी. म्हणून ईश्वरविज्ञानाचं शिक्षण ही मला चैनीची गोष्ट वाटत नाही.

आता आपल्याकडचा इतिहास बघू. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन मिशनरी आले. अकोला, खामगाव, बुलढाणा हा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचा भाग. पुढे १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. विदर्भातच, म्हणजे तशी घरातच! पण १९८३ मध्ये ती पुण्याला, बिबवेवाडीला गेली. देशभरचे विद्यार्थी, इंग्रजी माध्यम, मोठं ग्रंथालय. संस्था म्हणून ती वाढली, याबद्दल तक्रार नाही. फक्त वऱ्हाडातल्या पाळकापासून ती लांब गेली, हेही खरं.

आणि लांब म्हणजे निव्वळ किलोमीटर नाहीत हो. बुलढाणा शहरात आजही रेल्वे नाही, मलकापूरला येऊन गाडी पकडावी लागते, ते ठीक आहे, माणूस पोहोचतो. पण तीन-चार वर्षं तिथे राहायचं तर घर कोण चालवणार? सोयाबीन कोण काढणार? रविवारी मंडळीपुढे कोण उभं राहणार? आणि हे सगळं जमवून वर्गात जाऊन बसलं, की समोर इंग्रजी. दहावी-बारावी मराठीतून केलेला, चाळिशीचा, दोन पोरांचा बाप. त्याला देवाबद्दल बोलता येतं, प्रार्थना करता येते, भांडण मिटवता येतं. निबंध लिहिता येत नाही, तोही परक्या भाषेत. मग आपण म्हणतो, याचं शिक्षण कमी आहे.

इथे जरा शेजारी डोकवा. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. चार वर्षांचा अभ्यास, ज्ञानेश्वरी आणि गाथा, आणि पोटासाठी माधुकरी. आपल्या भागातला एखादा गरीब शेतकऱ्याचा मुलगा कीर्तनकार व्हायला निघाला, तर त्याला वाटेत इंग्रजी आडवी येत नाही. ग्रंथच मराठीत, शिकवणंही मराठीत. ख्रिस्ती बाजूलाही ही जाण होती. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यात घालवली, कमी शिकलेल्या बायकांनाही कळावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका बाईने केलेलं काम, आणि आपण अजून विचारतोय की मराठीतून जमेल का!

बरं, हीच अडचण जगात दुसऱ्या कुणाला आली का? आली. ग्वाटेमालामध्ये. मध्य अमेरिकेतला स्पॅनिश बोलणारा लहानसा देश. तिथली प्रेस्बिटेरियन सेमिनरी राजधानीत होती. खेड्यातले जे खरे पुढारी होते, बायकापोरांचे, शेतीवाडीचे, ते तिथे येऊच शकत नव्हते. १९६२ मध्ये सेमिनरी राजधानीतून उचलून सान फेलिपे या खेडेवजा गावी नेली. तरीही माणसं येईनात. मग १९६३ मध्ये राल्फ विंटर, जेम्स एमरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटं केलं. विद्यार्थी घरीच राहील, शिक्षक ठरलेल्या दिवशी त्याच्या भागात जाईल. आठवडाभर घरी धडे, मग एकत्र बसून चर्चा. सातवी शिकलेल्याला एका पातळीचे धडे, पदवीधराला दुसऱ्या. यालाच विस्तार-शिक्षण म्हणतात, आणि ते पुढे जगभर पसरलं. आपल्याकडे १९७१ मध्ये बंगळुरूला टाफ्टी ही संस्था याच पद्धतीने सुरू झाली.

टेड वॉर्ड नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने या पद्धतीला कुंपणाची उपमा दिली होती. दोन आडवे बांबू: एक घरचा अभ्यास, दुसरा रोजचं प्रत्यक्ष काम. आणि दोन्ही धरून ठेवणारे उभे खांब म्हणजे ठरावीक दिवशीची बैठक. खांब काढले की बांबू जमिनीवर.

हे तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्या हातात स्मार्टफोन आहे आणि तुमच्या पाळकाच्याही हातात आहे. आज कुणीही म्हणेल, "एवढं काय, व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, यूट्यूबची लिंक द्या, झालं शिक्षण." माझं मत स्पष्ट आहे: हा नुसता आडवा बांबू झाला. पाळकाच्या फोनमध्ये आधीच शंभर उपदेश पडलेत, त्यातले कितीतरी 'देवाला द्या म्हणजे श्रीमंत व्हाल' या छापाचे. त्याला आणखी व्हिडिओ नकोत. त्याला पंधरा दिवसांतून एकदा चिखलीला किंवा खामगावला सहा-सात जणांत बसून, "मागच्या आठवड्यात त्या घरी मी हे बोललो, बरोबर होतं का?" असं विचारायला जागा हवी. धडे ऑडिओवर चालतील, शेतात फवारणी करताना ऐकता येतील. बैठक मात्र समोरासमोरच हवी.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. शिकलेलं मोजलं गेलं पाहिजे. अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे हजारो पाळक दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी चर्चच्या बायबल संस्थांमध्ये शिकतात. तिथे मोठ्या सेमिनरीत जायला आधी पदवी लागते, ती यांच्याकडे नसते. क्युबात जन्मलेले इतिहासकार हुस्तो गोन्सालेस यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये हिस्पॅनिक ईश्वरविज्ञान शिक्षणाची एक संघटना, एईटीएच, उभी राहिली. या संघटनेने नंतर बायबल संस्थांची तपासणी करून त्यांना प्रमाणित करायला सुरुवात केली, म्हणजे तिथे शिकलेल्यांसाठी सेमिनरीचं दार उघडू शकतं. गरिबांच्या शाळेला दर्जा तपासून शिडी जोडून दिली. आपल्याकडे श्रीरामपूर सिनेटचे घरून करायचे अभ्यासक्रम आहेत. पण मराठीत छोट्या बायबल शाळेत शिकलेल्या माणसाला तिथवर न्यायला मधल्या पायऱ्या हव्यात, त्याच्याच भाषेतल्या.

आणि या बैठकीत पाळकाची बायको का नसावी? गावातल्या बायका मनातलं तिच्याकडेच बोलतात. पौल तंबू शिवून पोट भरायचा, हे प्रत्येक उपदेशात येतं. पण 'प्रेषितांची कृत्ये'च्या अठराव्या अध्यायात त्याच्याबरोबर तंबू शिवणारं एक जोडपं आहे, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला. अपुल्लोसारख्या हुशार वक्त्याला जवळ बसवून नीट समजावून सांगितलं ते या दोघांनी मिळून.