श्रद्धेचे घर आणि परतीचे दार
(वार्षिक संमेलनातील महिला-सभेत केलेले भाषण)



शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांतील आपली कुटुंबे वर्षातून एकदा या निमित्ताने एकत्र येतात. गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, उपवर मुलामुलींची माहिती दिली-घेतली जाते, वर्षाचा जमाखर्च वाचला जातो. अशा मंगल प्रसंगी आम्ही जो विषय आपणापुढे मांडणार आहोत, तो काहींना अप्रिय वाटेल. परंतु जी गोष्ट घरोघरी दाराआड राहते, तिचा उच्चार करण्यास ज्ञातीच्या सभेहून अधिक योग्य जागा दुसरी कोणती? विषय असा आहे की, व्यसनाच्या आहारी गेलेल्या स्त्रीला सावरण्यासाठी ईश्वरश्रद्धेच्या पायावर जी घरे चालतात, त्यांत काय घडते, आणि तेथून ती परतली म्हणजे आपले कर्तव्य काय.

‘आपल्यात बायका पीत नाहीत’ असे आपण सहज म्हणतो. केंद्र सरकारने करविलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयाच्या पुरुषांपैकी २७.३ टक्के, तर स्त्रियांपैकी १.६ टक्के मद्य घेतात असे आढळले. स्त्रियांचा आकडा लहान आहे खरा; पण त्यामुळेच अशी स्त्री अधिक एकटी पडते. पुरुषाचे पिणे गावाला ठाऊक असते, त्याची बायको त्याला दवाखान्यात नेते. स्त्रीचे पिणे मात्र घरच लपविते, आणि तिला घेऊन जाणारे कोणी पुढे येत नाही. शिवाय व्यसन म्हणजे केवळ दारू नव्हे. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मशेरी सकाळी दातांना लावल्याविना ज्यांचा दिवस उजाडत नाही, अशा आयाबहिणी आपल्यांतही आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १२.८ टक्के प्रौढ स्त्रिया धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होत्या. गरोदरपणी या सवयीमुळे मूल कमी वजनाचे जन्मते, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. झोपेच्या गोळ्यांची सवय तर औषधाच्या नावाखाली कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषाहून कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा परिणाम तिच्यावर अधिक होतो. यकृताची हानी व पुरते परावलंबन ही दोन्ही तिला लवकर गाठतात. म्हणून पहिली गोष्ट आम्ही निक्षून सांगतो : अतिशय पिणाऱ्या व्यक्तीची दारू एकाएकी बंद केली, तर दोन-चार दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राणावर बेतणे, हे संभवते. तेव्हा आरंभ वैद्याच्या देखरेखीखालीच झाला पाहिजे. श्रद्धेचे घर हे इस्पितळाच्या ऐवजी नव्हे, इस्पितळाच्या नंतर येते.

तर मग त्या घरात काय असते? पाहू जाता फार अलौकिक असे काही नसते. पहाटे ठरल्या वेळी उठणे, प्रार्थना, झाडलोट, स्वयंपाकाची पाळी, शिवण वा बागकाम, दुपारी सर्वजणींनी एकत्र बसून आपापली हकीकत सांगणे, सायंकाळी पुन्हा प्रार्थना. बाहेर जाण्यास परवानगी लागते, भेटीला ठरलेला दिवस असतो. व्यसनाने ज्या स्त्रीच्या दिवसाला आकार उरलेला नसतो, तिला तो आकार परत मिळतो. आणि जिचे घरात कोणी ऐकत नव्हते, तिचे ऐकणाऱ्या, त्याच वाटेने आलेल्या, दहा-पाच भगिनी तिला लाभतात. प्रार्थनेचा उपयोग असा की, ‘मी एकटीच्या बळावर हे सोडीन’ या पुन्हापुन्हा मोडणाऱ्या अभिमानातून तिची सुटका होते.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. तुकोबारायांची पालखी दरसाल यवत-वरवंडवरून दौंड तालुक्यातून जाते. गळ्यात तुळशीची माळ घालणारा वारकरी मद्यमांस वर्ज्य करतो, आणि ते व्रत त्याच्याकडून पाळले जाते त्याचे कारण दिंडीची संगत हे होय. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी एक शेअरदलाल व एक शस्त्रवैद्य या दोघा मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ जन्मली; तिचेही सूत्र हेच, की आपल्याहून थोर अशा शक्तीला शरण जावे आणि एकमेकांना धरून राहावे. तो ईश्वर कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली स्थापिलेल्या ‘कृपा’ संस्थेने या मार्गाला अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी उभारलेले ‘मुक्तांगण’ कोणत्याही पंथाचे नाही. स्त्रियांसाठी तेथे ‘निशिगंध’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे.

परंतु श्रद्धेच्या पायावर स्त्रियांसाठी चालविलेल्या घराचा एक मोठा प्रयोग आपल्याच दौंड तालुक्यात, केडगावी झाला. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन व्यसनी स्त्रियांसाठी नव्हते. तेथे विधवा, अनाथ व दुष्काळपीडित स्त्रिया येत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया रमाबाईंनी आणल्या; १९०० च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. समाजाने पतित ठरविलेल्यांसाठी ‘कृपासदन’ हा निराळा विभाग होता. प्रार्थनेबरोबर तेथे शेती, गोपालन, विणकाम चाले. छापखाना तर स्त्रियाच चालवीत. ज्या बाईला स्वतःचे असे काही नव्हते, तिच्या हाताला काम आणि दिवसाला क्रम तेथे मिळाला. ती संस्था आजही केडगावी उभी आहे.

याच कार्याच्या इतिहासात सावधगिरीचा पाठही आहे. रमाबाईंनी मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी ‘शारदा सदन’ उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९३ साली तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो असा आक्षेप येऊन न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून निघाले, आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु त्यातून उठलेला प्रश्न प्रत्येक अशा घराला, मग ते मठाचे असो, चर्चचे असो वा दर्ग्याचे, विचारला पाहिजे : येथील प्रार्थना ही आश्रयाची किंमत म्हणून वसूल होते काय? श्रद्धेच्या नावाखाली याहून भयंकरही घडले आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका आश्रमास ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये व्यसनाधीनता ही मानसिक आजारात मोडते, उपचारगृहाला नोंदणी लागते, आणि रुग्णास साखळीने बांधणे सर्वस्वी निषिद्ध आहे.

आता मुख्य मुद्दा. घर कितीही चांगले असो, स्त्री तेथे जन्मभर राहत नाही. शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तेथे शिकून त्या उभ्या राहिल्या, आणि मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी विवाह केला. नवे दांपत्य मुरूडला गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. सदनाने जिला सावरले, तिच्यापुढे स्वकीयांनीच दार लावून घेतले. त्याच कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि मुरूडला त्यांचा अभिमान वाटू लागला, हे पुढचे. बहिष्काराची वर्षे मात्र त्या दोघांना भोगावीच लागली. 

बंधुभगिनींनो, व्यसनातून उठलेली स्त्री आज याच दाराशी उभी असते. तिच्या माहेरी म्हणतात, ‘दिल्या घरी सुखी राहा’. सासरी म्हणतात, ‘आमच्या मुलांना तिची सावली नको’. मग ती दोन महिने जे शिकली, ते दोन दिवसांत विसरते, आणि आपण मान डोलावून म्हणतो, ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो!’ पुन्हा घसरणे हा या रोगाचा भाग आहे. मधुमेह बळावला म्हणून आपण कोणाला घराबाहेर काढीत नाही. दारुड्या मुलाला दहा वेळा क्षमा करणारी आई सुनेला एकदाही करीत नाही, हा न्याय कोणत्या धर्मात सांगितला आहे?

म्हणून ज्ञातीपुढे आमची तीन मागणी आहेत. पहिली, अशी स्त्री घरात असेल तर तिला लपवू नका. सरकारी दवाखान्यात न्या, किंवा १४४४६ या विनामूल्य दूरध्वनीवर सल्ला घ्या. दुसरी, एखाद्या आश्रयगृहात पाठविण्यापूर्वी आपल्यातील दोन वडीलधाऱ्या स्त्रियांनी ते स्वतः पाहावे : नोंदणी आहे काय, डॉक्टर येतात काय, स्त्रिया मनमोकळेपणी बोलतात काय, आपली उपासना करण्याची वा न करण्याची त्यांना मोकळीक आहे काय. तिसरी, ती परत येईल त्या दिवशी तिला हळदीकुंकवाचे बोलावणे गेले पाहिजे. तिच्या मुलीचे स्थळ आईच्या जुन्या आजारामुळे मोडता कामा नये. आणि वधूवरांची माहिती ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ही खूणगाठ बांधावी.

केडगावचे स्टेशन आपल्यापैकी पुष्कळांच्या रोजच्या वाटेवर आहे. तेथे सव्वाशे वर्षांपूर्वी एका विदुषीने निराश्रित स्त्रियांसाठी दार उघडले. तेवढे मोठे कार्य आपल्या हातून कदाचित होणार नाही. परंतु आपल्या स्वतःच्या घराचे दार तर आपल्याच हाती आहे.