जुना गेमिंग कॉम्प्युटर: सांभाळायचा की बदलायचा?

(मंडळाच्या जानेवारी २०२६ मधल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अर्विंग येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. सगळ्या किमती त्या वेळच्या आहेत.)



तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि पुढची वीस मिनिटं माझं बोलणंही गोड मानून घ्या. कार्यकारिणीनं मला 'कॉम्प्युटरवर काहीतरी बोल' एवढंच सांगितलं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत निदान दहा जणांनी मला फोन करून एकच प्रश्न विचारला: "अरे, मुलाचा गेमिंग कॉम्प्युटर जुना झालाय. थोडे पैसे घालून तोच चालवू की सरळ नवा घेऊ?" तेव्हा आज तोच विषय.

मी लहान असताना असा प्रश्न नव्हता. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बाबांबरोबर गेलो की दुकानदार कॉम्प्युटर न बघताच सांगायचा, "रॅम वाढवा." गेम अडकतो? रॅम. चालू व्हायला वेळ लागतो? रॅम. आमच्या गल्लीतले डॉक्टर सगळ्या रोगांवर एकच लाल औषध द्यायचे, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे बऱ्याचदा तो बरोबरही असायचा, कारण तेव्हा रॅम खरोखरच कमी असायची.

आता मात्र ती रॅमच महाग झाली आहे. ३२ जीबीचा डीडीआर ५ चा जो जोड २०२५ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या आसपास मिळत होता, तो डिसेंबरमध्ये तीनशेच्या पुढे गेला. कारण तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. जगातली बहुतेक सगळी रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची डेटा सेंटर्स त्यांच्याकडून मागतील तितकी उचलताहेत. त्या सेंटर्सना लागणारी खास रॅम जास्त नफ्याची, त्यामुळे कारखाने तिकडे वळले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉननं आपला 'क्रुशियल' हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. धनत्रयोदशीला सोन्याऐवजी रॅम घेऊन ठेवली असती तरी चाललं असतं, असं मी घरी म्हणालो. कोणी हसलं नाही.

हे सांगायचं कारण असं, की नवा कॉम्प्युटर म्हणजे नवी रॅम. जुनी डीडीआर ४ नव्या बोर्डात बसत नाही. म्हणजे 'सगळंच नवीन घेऊन टाक' हा सल्ला एका वर्षात बराच महाग झाला आहे.

आता दोन कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो. एक माझा, एक माझ्या मित्राचा. तो आज इथे बसला आहे, पण नाव सांगायचं नाही या अटीवर परवानगी दिली आहे.

मित्रानं त्याचा कॉम्प्युटर २०१७ च्या उन्हाळ्यात बांधला. इंटेल आय७ ७७००के आणि जीटीएक्स १०८०. पंधराशे डॉलर गेले. तेव्हा आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत भरेल असा होता. मी माझा २०१८ च्या थँक्सगिव्हिंगला बांधला. एएमडी रायझन ५ १६००, बी४५० चा बोर्ड, जीटीएक्स १०६०, १६ जीबी रॅम. नऊशेच्या आत बसवला. तेव्हा इथे अर्विंगमध्येच मॅकआर्थरवर फ्राइज होतं, तिथून बोर्ड आणि डबा आणला. (२०२१ च्या फेब्रुवारीत त्यांची देशभरातली सगळी दुकानं बंद झाली. आता सुटा भाग हातात घेऊन बघायचा तर सेंट्रल एक्सप्रेसवेवरच्या मायक्रो सेंटरपर्यंत जावं लागतं.) गेममध्ये मित्राचा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा सरस होता, आणि तो हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायचा.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची मदत थांबवली. विंडोज ११ ला दोन गोष्टी लागतात: टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, आणि मान्य यादीतला प्रोसेसर. टीपीएम मित्राच्या बोर्डात होतं. पण इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते आणि त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा. एएमडीची यादी रायझन २००० पासून, म्हणजे माझाही बाहेर. दोघेही नापास.

पण इथून पुढे दोघांचं नशीब वेगळं झालं. मित्राच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतच नाही. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण इंटेलनं ऑक्टोबर २०१७ मध्ये आठव्या पिढीबरोबर नवा चिपसेट सक्तीचा केला. म्हणजे त्यानं बांधल्यावर काही महिन्यांतच पुढचा रस्ता बंद झाला होता, आणि ते त्याला आठ वर्षांनी कळलं. प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड बदला, आताच्या पिढीचा बोर्ड बहुतेक डीडीआर ५ मागणार, मग रॅम बदला, आणि मग उरलं काय, डबा आणि पंखे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

माझ्या बोर्डाचा सॉकेट एएम४. त्यात २०२२ साली आलेला रायझन ७ ५७००एक्स बसतो, आणि तो विंडोज ११ च्या यादीत आहे. हे मी दूरदृष्टीनं केलं असं समजू नका. मी एएमडी घेतला तो स्वस्त म्हणून. शिवाय मे २०२० मध्ये एएमडीनंही आधी सांगितलं होतं की बी४५० वर पुढची पिढी चालणार नाही. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की त्याच महिन्यात त्यांनी निर्णय फिरवला. त्या ओरडणाऱ्यांत मी नव्हतो, पण फळं मात्र खातो आहे.

तेव्हा कोणी मला विचारलं की कॉम्प्युटर किती वर्षांचा झाला की बदलावा, तर मी वय विचारत नाही, बोर्ड कुठला ते विचारतो. बोर्डात अजून पुढचा प्रोसेसर बसत असेल तर कॉम्प्युटरला आयुष्य आहे.

दुसरी गोष्ट, घोडं नक्की पेंड कुठे खातं ते आधी बघा. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजरमधला 'परफॉर्मन्स' उघडा. ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, तर कार्ड कमी पडतंय. कार्ड साठ टक्क्यांवर आणि तरी गेम अडखळतोय, तर बहुधा प्रोसेसर. एकूण आकडा कमी दिसला तरी फसू नका. गेमचं मुख्य काम एखाद्या-दुसऱ्या कोअरवरच चालतं, ती दमलेली असते आणि बाकीच्या बसून असतात. (आमच्या ऑफिसात हे चित्र ओळखीचं आहे.) गेम उघडायलाच दोन मिनिटं लागत असतील तर डिस्क जुनी फिरणारी आहे, ती बदला. गेममधल्या चित्रांचा दर्जा एकदम खाली आणून बघा. तरीही वेग वाढला नाही, तर नवं कार्ड घेऊन काही उपयोग नाही.

माझ्या घरी दोन तक्रारी होत्या. मुलीचं माइनक्राफ्ट मॉड्स टाकले की अडखळायचं, तिथे प्रोसेसर कमी पडत होता. आणि मला मे २०२५ मध्ये आलेलं 'डूम: द डार्क एजेस' खेळायचं होतं. हा गेम इथून अर्ध्या तासावर, रिचर्डसनमध्ये बनतो. पहिलं डूम १९९३ साली याच इड सॉफ्टवेअरनं आपल्या मेस्कीटमधून बाहेर काढलं होतं. पण नव्या डूमला कार्डात रे ट्रेसिंगची खास सोय असावीच लागते. माझ्या १०६० मध्ये ती नाही, मित्राच्या १०८० मध्येही नाही. हळू चालेल असंही नाही, चालतच नाही. शेजारच्या गावात शिजलेलं अन्न, आणि आपल्या ताटात पडत नाही!

बायकोनं विचारलं, "तुला खेळायला वेळ कधी मिळतो?" प्रश्न रास्त होता. दुर्दैवानं तेव्हा मला वेळच वेळ होता. ऑक्टोबरमध्ये माझं प्रोजेक्ट संपलं आणि पुढचं ठरलेलं नव्हतं. कन्सल्टिंगमधल्या मंडळींना ते दिवस माहीत आहेत. अशा वेळी सतराशे डॉलरच्या नव्या कॉम्प्युटरचं नाव घरात काढायची माझी हिंमत नव्हती. पण ज्या कॉम्प्युटरवरून बँकेचे व्यवहार होतात तो सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालू ठेवणंही माझ्या धंद्यातल्या माणसाला शोभत नाही. म्हणून आधी फक्त गरजेचं केलं. प्रोसेसर एकशे साठ, एक टीबीची एनव्हीएमई डिस्क नव्वद. अडीचशेत मुलीची तक्रार आणि विंडोज ११, दोन्ही कामं होणार होती. कार्ड नवं प्रोजेक्ट मिळाल्यावर. जुन्यात भर घालायची तर ती अशी हप्त्याहप्त्यानं घालता येते. नव्याचे पैसे एकदम मोजावे लागतात.

आता माझी फजिती. बायॉस आधी अपडेट करायचं, मग प्रोसेसर बदलायचा, हे मी इतरांना शंभरदा सांगितलं असेल. त्या शनिवारी मी कूलर उचलला आणि त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून बाहेर आला. एएम४ च्या प्रोसेसरला खाली बारीक पिना असतात, त्यातल्या दोन वाकल्या. आता आलाच आहे बाहेर तर नवा बसवून टाकू, असं म्हणून नवा बसवला. स्क्रीन काळी. कारण बायॉस २०१८ चं, त्याला हा पाहुणा ओळखता येईना. बायॉस अपडेट करायला जुना प्रोसेसर हवा, आणि त्याच्या पिना वाकलेल्या. एका दुपारी मी चालता कॉम्प्युटर बंद पाडून दाखवला होता. मुलगी शेजारीच उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "बाबा, आता नवीन घ्यायला लागेल का?"

मग तिच्याच दप्तरातली शिसं बदलायची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं, टोकाची पोकळ नळी एकेका पिनेवर चढवून हळूहळू सरळ केली. पाऊण तास लागला. जुना प्रोसेसर बसला, कॉम्प्युटर सुरू झाला, पेनड्राइव्हवरून बायॉस अपडेट केलं आणि मग नवा बसवला. तुम्ही करणार असाल तर आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून गरम करा म्हणजे पेस्ट सैल होते, मग बंद करून वायर काढा, आणि कूलर सरळ वर न ओढता थोडा डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. आणि डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली आधी कागदावर लिहून ठेवा. प्रोसेसर बदलला की टीपीएमही बदलतं आणि विंडोज ती किल्ली मागतं.

जानेवारीच्या सुरुवातीला नवं प्रोजेक्ट मिळालं, तेव्हा कार्ड घेतलं: रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबी, साडेतीनशे डॉलर. स्वस्तातलं आरटीएक्स ५०६० का नाही? तर ते बोर्डाशी आठच लेन्सनी बोलतं, आणि माझा बोर्ड जुन्या पीसीआयई ३ चा. कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की त्या अरुंद रस्त्यावर कोंडी होते. ९०६० एक्सटी सोळा लेन्स वापरतं. पॉवर सप्लायही सात वर्षांचा झाला होता, तो ऐंशी डॉलरला बदलला. इथे कंजुषी करू नका, तो जाताना एकटा जाईलच असं नाही. एकूण खर्च सहाशे ऐंशी. रॅम जुनीच, आणि तिला आता मी फार मानानं वागवतो.

मित्राची गोष्ट इतकी सरळ नव्हती. त्याच्यापुढे एक उसनं वर्ष होतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला सुरक्षा अपडेटची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत दिली. मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी सेटिंग्ज जोडली तर फुकट, नाहीतर तीस डॉलर. ती त्यानं घेतली. विंडोज ११ आडवाटेनं टाकता येतं, पण तसं केलं तर पुढच्या अपडेटची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. लिनक्सवर स्टीमचे बरेच गेम छान चालतात, पण त्याचा मुलगा फोर्टनाइट खेळतो, आणि ते लिनक्सवर चालत नाही. म्हणजे नवाच घ्यायचा.

पण तो घेईना. शेवटी एकदा पार्किंगमध्ये उभ्या उभ्या म्हणाला, "घेतला आणि सहा महिन्यांत परत जायची वेळ आली तर?" सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला होता. तो त्याला लागू नव्हता, त्याचा व्हिसा जुना. पण ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभा असलेला माणूस सोफा घेतानासुद्धा हा विचार करतो, हे इथे बऱ्याच जणांना सांगायला नको. मी तोपर्यंत त्याला फक्त चिपसेट समजावत बसलो होतो.

मग आम्ही हिशेब वेगळा मांडला. परत जावं लागलं तर काय नेता येईल? चांगल्या पॉवर सप्लायना ११० आणि २३० व्होल्ट दोन्ही चालतात, त्यावर तसं छापलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड केबिन बॅगेत जातं. पण काचेचा मोठा डबा घेऊन विमानात कोण चढणार? त्यानं ब्लॅक फ्रायडेला गेमिंग लॅपटॉप घेतला. त्याचं कार्ड पुढे बदलता येणार नाही, त्याच पैशांत डेस्कटॉप जास्त वेगवान मिळाला असता, हे सगळं त्याला माहीत आहे. मी एरवी कोणालाही गेमिंगसाठी लॅपटॉप घ्या म्हणत नाही. त्याला म्हटलं.

त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही लिनक्स मिंट टाकलं. भारतातून आलेले त्याचे बाबा त्यावर यूट्यूबवर नाटकं बघतात. जीटीएक्स १०८० वर नाटक फार झकास दिसतं असं त्यांचं मत आहे. माझं १०६० निघालंय, ते नाशिकच्या भाच्याला जाणार आहे. गेमसाठीच्या नव्या ड्रायव्हरचा काळ त्या पिढीसाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण सुरक्षेचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, तेवढं त्याला सांगून ठेवलंय. ज्यांना कोणालाच द्यायचं नसेल त्यांनी कचऱ्यात टाकू नका. टेक्सासच्या २००७ च्या कायद्यानं कॉम्प्युटर कंपन्यांना आपापल्या ब्रँडचे जुने कॉम्प्युटर फुकट परत घ्यावे लागतात. डिस्क मात्र काढून घ्या, तिच्यावर तुमच्या घरचे फोटो आणि टॅक्सचे कागद आहेत.

चहा तयार झाल्याची खूण मला मागून केव्हाची होते आहे. ज्यांना आपल्या कॉम्प्युटरबद्दल विचारायचं आहे त्यांनी चहाच्या रांगेत जरूर गाठा, पण घरी फोन करून मुलांकडून बोर्डाचं नाव मागवून घ्या. 'काळ्या रंगाचा आहे आणि आत निळे दिवे लागतात' एवढ्यावरून मला सांगता येत नाही. मागच्या वेळी एका काकूंनी तसंच विचारलं होतं, आणि घरी जाऊन बघितलं तर तो एअर प्युरिफायर निघाला.